आमची वाटचाल : सोळा फेऱ्यांचा घोळ

१९८४ साली सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही दोघा भावांनी काम सुरू केले. कॉइल वाइंडिंग मशीनचे फेरे मोजणारे डिजिटल काउंटर बनवायचे. त्यासाठी लागणाऱ्या ७४०० मालिकेच्या आयसी (चिप) पासोड्या विठोबाच्या देवळापाशी मिळत; तिथे नसल्या की मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठायचा.

पहिल्या सहा काउंटरांपैकी एक भोसरीहून परत आला. ६४० फेऱ्यांची कॉइल कधीकधी ६२४ वरच थांबायची, तेही बहुधा दुपारी, पेटी तापल्यावर. मोटरचा नॉइज (विजेचा गोंधळ) असेल म्हणून कपॅसिटर लावले, अर्थिंग बदलले. आठ दिवस गेले. मग धाकट्याने वजाबाकी केली : बरोबर १६. आमचा ७४९३ हा मोजणारा आयसी सोळाच मोजतो, मग पुन्हा शून्यावर येतो!

त्यात चार फ्लिपफ्लॉप, म्हणजे ० किंवा १ धरून ठेवणारी छोटी सर्किटे, एकामागे एक असतात. पहिला पालटल्यावर दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. प्रत्येकाला दहा-पंधरा नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) लागतात. त्यामुळे ७ चे ८ होताना तो ७, ६, ४, ० आणि मग ८ असा जातो. आमच्या सर्किटात शून्य आले की सोळाचा एक गट पुरा धरला जाई. ते शून्य ओळखणाऱ्या गेटलाच (० नि १ पाहून निर्णय देणाऱ्या सर्किटला) साधारण १० नॅनोसेकंद लागत असल्याने एवढा अरुंद पल्स (विजेचा क्षणिक ठोका) बहुतेक वेळा तिथेच विरे. एखादा मात्र निसटे, आणि गट आधीच मोजला जाई.

आमच्या २० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) राइज टाइमच, म्हणजे रेघ वर चढायला लागणारा वेळच, साडेसतरा नॅनोसेकंद, त्यावर काय दिसणार? ओळखीच्या एका सरांनी रविवारी कॉलेजची लॅब उघडून १०० मेगाहर्ट्झचा स्कोप दिला, तेव्हा त्या पल्सचा बारीक हिरवा काटा दिसला. आम्ही दोघे कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो.

जास्त वेगवान शॉटकी आयसी वापरा, ३ नॅनोसेकंदांत काम होते, असे काहींनी सुचवले. मला ते पटले नाही. प्रत्येक गेटला वीज जवळजवळ दुप्पट लागते, आणि मधला शून्य अरुंद होतो, जात नाही. ७४९३ क्लॉक, म्हणजे दर फेऱ्याला येणारा सिग्नल, खाली येताना मोजतो, म्हणून क्लॉक वर असतानाच शून्य वाचायचे असे केले; तोवर चारही फ्लिपफ्लॉप स्थिरावलेले असतात. प्रत्येक बोर्डाला एक जादा गेट लागले. सहाही काउंटर स्वखर्चाने बदलून दिले.

आता आम्ही मायक्रोकंट्रोलर वापरतो. जुने बोर्ड अजून दुरुस्तीला येतात. तेव्हा मी आधी ते गेट तपासतो, आणि पेटी बंद करून भर दुपारी चालवल्याशिवाय काउंटर परत पाठवत नाही.