मोठा झाला का समजन

पोळा झाला की आमच्याकडच्या पऱ्हाटीत, तुरीत आणि धुऱ्यावरच्या गवतात प्रार्थना कीटक दिसायला लागतात. असतात ते आधीपासूनच, पण तोवर इतके बारके की निंदणाऱ्या बायांशिवाय कोणाच्या नजरेस पडत नाहीत. काही जण त्याला खंडोबाचा किडा म्हणतात. गावातले पोट्टे ते धरून मला आणून देतात, कधी आगपेटीत, कधी खर्ऱ्याच्या पन्नीत, आणि विचारतात, "भाऊ, हा कोणता होय?" माझं उत्तर ठरलेलं असतं, "मोठा झाला का समजन."

पोट्ट्यांना ही टाळाटाळ वाटते. पण जगात प्रार्थना कीटकांच्या २,४०० च्या वर जाती आहेत, आणि ओळखायच्या कितीतरी खुणा पंखांवर असतात. पंख मिळतात शेवटची कात टाकल्यावर. तोवर पाठीवर नुसत्या पंखांच्या कळ्या. रंगावर तर जाऊच नये. एकाच जातीत एक हिरवा निघतो, दुसरा तपकिरी. बोटभर लांब, धिप्पाड हिरवा आणि समोरच्या दोन्ही पंखांवर एकेक पांढरट ठिपका दिसला, तर तो बहुतेक हायरोड्युला. पुढच्या पायाच्या मुळाशी आतल्या बाजूनं काळा डाग असेल, तर मँटिस रिलिजिओसा. गवताच्या काडीतून वेगळाच काढता येत नाही असा लांबुळका असतो स्किझोसेफाला, त्याला पंखांची वाट पाहावी लागत नाही. नर की मादी हे मात्र थोडं आधीही कळतं. उलटा धरून पोटाचे पट्टे मोजायचे, मादीला सहा दिसतात, नराला आठ. किडा स्वस्थ राहिला तर. तो राहत नाही. पुढच्या पायांच्या काट्यांनी बोट असं आवळतो की मोजणी तिथंच थांबते. विष वगैरे काही नसतं त्याच्यात, राग भरपूर असतो.

म्हणजे नाव पाहिजे, तर पोसणं आलं.

घर साधं लागतं. रुंद तोंडाची बरणी, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा, आत एक-दोन तुराट्या. उंची मात्र किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, कारण कात टाकताना तो छताला उलटा लटकतो आणि जुन्या कातडीतून खाली सरकत बाहेर येतो. जागा कमी पडली तर पाय वाकडे राहतात, पंख चुरगळतात, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ती खूणच हातची जाते. कळ्या फुगल्या, खाणं सुटलं की समजायचं, वेळ आली. त्या दिवसांत आत रातकिडा ठेवू नये. कात टाकणाऱ्या मऊ किड्याला तोच कुरतडतो. पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडले की तो चाटून घेतो. दोघांना एका बरणीत ठेवण्याचा विचार करू नये, दुसऱ्या दिवशी एकच उरतो आणि तो जाड झालेला असतो.

खरं काम माश्यांचं. मेलेलं, न हलणारं काही त्याला दिसतच नाही म्हणा ना. म्हणून माशी जिवंत पाहिजे, आणि जिवंत माशी धरणं हा गोठ्यात उभं राहून करायचा उद्योग आहे. माणसाला आपल्या हातांची खरी चपळाई तिथं कळते. अगदीच जमलं नाही तर मेलेली माशी खराट्याच्या काडीवर टोचून त्याच्यासमोर हलवायची. तो मान वळवतो, अंतराचा अंदाज घेतो आणि झडप घालतो. फवारलेल्या वावरातले किडे मात्र चुकूनही घालू नयेत. रानातून धरलेल्याच्या पोटात आधीच लांब काळा जंत असू शकतो, त्यावर आपल्याकडे इलाज नाही.

पोट्ट्यांना सगळ्यात आवडतो तो त्याचा डोळा. हिरव्या डोळ्यात एक काळा ठिपका असतो आणि तो आपल्याकडेच रोखलेला दिसतो. एकदा दोघं बरणीच्या दोन बाजूंना बसून भांडत होते. "तो माह्याकडे पाह्यते!" "हट बे, माह्याकडे!" दोघंही बरोबर होते. त्याचा डोळा हजारो बारक्या भिंगांचा. जी भिंगं थेट आपल्या दिशेला असतात, ती आपल्याला काळी दिसतात. जो पाहील त्याला ठिपका आपलाच. कानाचं प्रकरण याहून गमतीचं. बऱ्याच जातींना कान एकच, तोही छातीखाली मधोमध, मागच्या पायांजवळ. हे १९८६ साली छापून आलं. त्या कानानं त्याला वटवाघळाचा आवाज कळतो आणि उडता उडता तो एकदम खाली झेपावतो. रात्री सपरीतल्या बल्बवर येणारे बहुतेक नर असतात. मादी जड, ती झाडावरच बसून राहते.

धरून आणलेली मोठी मादी बरेचदा आधीच नराला भेटलेली असते. मग एके सकाळी तुराटीवर फेसाचा गोळा दिसतो. फेस वाळून टणक होतो. हायरोड्युलाच्या अशा एका अंडीपुंजातून शंभरावर पिल्लं निघू शकतात. बरणीतला अंडीपुंज मी धुऱ्यावरच्या बोरीत बांधून येतो. प्रश्न असतो तो वावरातल्या अंडीपुंजांचा. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून घरामागे रचतात आणि उन्हाळाभर चुलीत घालतात. म्हणून मी भारे उलटेपालटे करत बसतो, अंडीपुंज दिसला की ती काडी मोडून घेतो. काकू कुडाच्या दाराशी उभी राहून बघत असते.

"होते का नाही तुह्य? मले सैपाक मांडाचा हाय."

या भाऱ्यात जास्त आहेत, हा राहू दे, असं मी म्हटलं.

"राहू देते बाप्पा तुह्या किड्याइसाठी. पण मंग सिलिंडर तू भरून आणजो."