पिवळी कलेजी आणि महागडं पाकीट

2021 चा ऑगस्ट. सोयाबीन क्विंटलला 10 हजारांच्या घरात पोचलं होतं आणि सोया पेंडीचा भाव विचारायलाही लेअर फार्मवाले, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारे, घाबरत होते. त्याच महिन्यात केंद्राने जीएम, म्हणजे जनुकात बदल केलेल्या, सोयाबीनची 12 लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. एरवी ज्या जीएमचं नाव काढलं तरी वाद पेटतो, ती पेंड आणायची पाळी आली, यावरून काय ते समजा.

अशात विट्याजवळच्या एका फार्मवरून फोन आला. तात्या म्हणजे या धंद्यात मुरलेला माणूस. भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात तमिळनाडूत, पहिली शेड त्याच्याच पैशातून उभी राहिलेली. तात्या उगाच फोन करत नाहीत.

"मॅडम, पक्षी मरायला लागल्यात. आन् बारकं-रोडकं न्हाई, चांगलं वजनदार पक्षी. काल सांजच्याला अंडं देत हुतं, सकाळी पिंजऱ्यात आडवं."

साथीचा रोग आला की आधी अशक्त पक्षी जातात. इथे कळपातले पैलवान जात होते, तेही रोज थोडे थोडे. अंड्यांची टक्केवारीही उतरली होती. गाडी काढली तेव्हाच मनात एक नाव होतं, पण पक्षी उघडून बघितल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय शिरवळला पशुवैद्यकीचं शिकताना लागली, ती अजून सुटलेली नाही.

शेडच्या मागे फरशीवर त्या सकाळचे मेलेले पक्षी मांडून ठेवले होते. तुरे पांढुरके पडलेले. रक्त अंगातच कुठेतरी गेलं असणार. पहिला पक्षी बादलीत बुडवून पिसं ओली केली, मांड्या बाजूला मोडून पोटाची कातडी उचलली. कातडीखालीच चरबीचा जाड थर. पेटी, म्हणजे दाणा दळणारं जठर, तर चरबीत इतकी बुडालेली की बोटाने उकरून काढावी लागली. आणि मग यकृत. तांबूस-तपकिरी असायला हवं ते पिवळं, फुगलेलं, कडा बोथट झालेल्या. बोट टेकवलं तर पिठल्याच्या वडीसारखं तुटत होतं. उजव्या भागावर आवरण फाटलेलं आणि खाली गोठलेल्या रक्ताची मोठी गाठ. खाली गर्भाशयात कवच धरलेलं पूर्ण अंडं तसंच. अंडं टाकताना जोर लावला असणार आणि तेवढ्या ताणाने यकृत फुटलं असणार. सुरीचं पातं तुपकट झालं होतं. यकृताचा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकला, तर तो तरंगला. तात्या ग्लासाकडे बघत राहिले.

"कलेजी पाण्यावर तरंगती व्हय?"

"चरबीने भरली की तरंगते."

बाकीचे पक्षीही उघडले, सगळीकडे तेच. याला फॅटी लिव्हर हेमोरेजिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे चरबी साचून यकृतात रक्तस्राव होणं. अमेरिकेत 1956 साली पहिल्यांदा याचं वर्णन झालं. पिंजऱ्यात बसून खाणाऱ्या, जोरात अंडी देणाऱ्या पक्ष्यांचा हा आजार. जिवंत पक्षी काट्यावर टाकले, तर पिल्लं देणाऱ्या कंपनीच्या गाईडमध्ये या वयाला दीड-पावणेदोन किलोच्या आत वजन हवं, इथे 1.9 पर्यंत गेलेले.

हे चाललेलं असताना मोटारसायकलवरून एक तरुण आला. औषध कंपनीचा प्रतिनिधी. त्याच्याच सांगण्यावरून तात्यांनी महिनाभरापासून खाद्यात एक पाकीट मिसळायला सुरुवात केली होती: टनाला 500 ग्रॅम, चरबी जाळणारं बायोॲक्टिव्ह पेप्टाइड. किंमत ऐकून मी पुन्हा एकदा विचारली.

"मॅडम, यावर रिसर्च आहे," त्याने मोबाइल पुढे केला. "यकृतात चरबी बनणंच बंद होतं."

मुलगा खोटं बोलत नव्हता, हे सांगायला हवं. प्रथिनाचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, प्राण्यांच्या चरबीच्या व्यवहारात ढवळाढवळ करतात हे अनेकदा दिसलेलं आहे. जपानी संशोधकांनी 2001 मध्ये दुधातल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनमधून पाच अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा काढला, लॅक्टोस्टॅटिन नावाचा. उंदरांमध्ये त्याने कोलेस्टेरॉल उतरलं. नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये झुकर जातीच्या लठ्ठ उंदरांना माशाच्या प्रथिनाचं विघटन करून दिलं, 2004 मध्ये निष्कर्ष छापून आले, तिथेही कोलेस्टेरॉल कमी. सोयाच्या पेप्टाइडांचंही तसंच. काही तुकडे आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतात, ती विष्ठेतून बाहेर जातात आणि नवी बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल मोडावं लागतं. काही तुकडे यकृतात चरबी बनवणाऱ्या विकरांना आवर घालतात आणि जाळणाऱ्यांना चेव आणतात. इथवर सगळं ठीक.

पण मोबाइलवरचा तो पेपर उंदरांवरचा होता. आणि अशा प्रयोगांत पुष्कळदा आहारातलं प्रथिनच बदललेलं असतं, टनाला अर्धा किलो चिमूट टाकलेली नसते. ते सोडा. माझी खरी अडचण वेगळी होती.

"यकृतात चरबी बनणं बंद झालं," मी विचारलं, "तर बलक कुठून येणार?"

तो गप्प झाला. यात त्याचा दोष नाही, प्रशिक्षणात हे कुणी सांगत नाही. उंदराच्या अंगात चरबी यकृतात बनते आणि चरबीच्या पेशींतही बनते. कोंबडीत ते काम जवळपास सगळं यकृतावर. अंड्यावर आलेल्या कोंबडीत इस्ट्रोजेन यकृताला सतत हुकूम सोडतं की चरबी बनव, बलकात पाठव. एका अंड्यात साधारण 5-6 ग्रॅम चरबी. वर्षाची 300 अंडी धरली तर दीड किलोच्या वर, म्हणजे कोंबडी वर्षभरात स्वतःच्या वजनाइतकी चरबी अंड्यांतून बाहेर देते. तिच्या यकृतात चरबी तयार होणं हा आजार नव्हेच, तो तिचा धंदा आहे. आजार होतो तो बनलेली चरबी बाहेर पडत नाही तेव्हा.

बाहेर पडायला तिला व्हीएलडीएलचे कण लागतात, म्हणजे रक्तातून चरबी वाहून नेणाऱ्या गाड्याच. त्या कणांच्या आवरणाला फॉस्फॅटिडिलकोलीन नावाचा घटक लागतो, आणि तो बनवायला खाद्यात कोलीन आणि मेथिओनिन हे अमिनो आम्ल हवं. शिवाय त्यावर खास प्रथिन बसतं, ज्यामुळे ती चरबी वाटेत इतर पेशी पळवत नाहीत, थेट अंडाशयाला पोचते. थोडक्यात चरबी हलवायला प्रथिन पाहिजे.

"तात्या, खाद्याचा फॉर्म्युला दाखवा."

वहीत पेन्सिलीने लिहिलेला. जूनपर्यंत टनाला मका 540 किलो, सोया पेंड 240. जुलैपासून मका 650, पेंड 130. बाकी डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा), चुनखडी, मिनरल. मोबाइलवरच आकडेमोड केली: प्रथिन 17 टक्क्यांवरून 13 वर, ऊर्जा किलोला 2,550 वरून 2,650 किलोकॅलरीवर. मेथिओनिनची पुडी होती तेवढीच, कोलीन 'भाव वाढला म्हणून' बंद.

"पेंड परवडंना झाली मॅडम. मका घरचा हुता. दाणा कमी केला न्हाई बघा, उलट पक्षी जास्तच खायला लागलं."

लागणारच. प्रथिन कमी पडलं की कोंबडी ते भरून काढायला जास्त खाते, आणि त्याबरोबर मका आत जातो. स्टार्चची चरबी होते, ती हलवणारं प्रथिन नाही, यकृत साठवत बसतं. पिंजऱ्यात हालचाल नाही, जाळायची सोय नाही.

मला हसू आलं आणि रागही. सोया पेंड कोंबडीच्या आतड्यात गेली की तिचे पेप्टाइडच होतात. दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे पेप्ट-1 नावाच्या वाहकामार्फत सरळ आत घेतले जातात. तो 1994 मध्ये सशाच्या आतड्यातून ओळखला गेला. म्हणजे तात्यांनी टनामागे 110 किलो पेंड कापली, आणि ती कापल्याने झालेल्या आजारावर प्रथिनाचेच तुकडे अर्धा किलोच्या पाकिटात विकत आणले, तेही पेंडीच्या कैकपट भावाने. हे बोलून दाखवलं तर तात्यांच्या घरच्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या. तात्या हसले नाहीत. त्यांनी वही ओढून घेतली आणि पेंडीचा हिशेब मांडायला बसले.

जुना फॉर्म्युला लगेच परवडणार नव्हता. मधला मार्ग काढला: मका 560 वर, सोया पेंड 180, थोडी सूर्यफूल पेंड, बाकी डीओआरबी, मेथिओनिन वाढवलं, टनाला किलोभर कोलीन क्लोराइड, सोबत ई आणि बी-12 जीवनसत्त्वं. प्रतिनिधीला वाटलं आपलं पाकीट आता उकिरड्यावर. मी म्हटलं, उरलेलं वाया घालवू नका, एका ओळीला द्या, शेजारच्या ओळीला नको. दाणा दोघींना तोच, आणि उरलेला दाणा रोज तोलायचा. तोलायचं यासाठी की प्रथिन तोडून केलेली अशी हायड्रोलायझेटं बऱ्याचदा कडवट असतात. कोंबडीला चव कमी कळते, कडूची तीनच जनुकं तिच्यात, माणसात 25. पण अजिबात कळत नाही असं नाही. पाकिटामुळे पक्षी कमी खाऊ लागला आणि हडकला, तर त्याला चरबी जाळणं म्हणता येणार नाही. 'चरबी घटली' असा कुठलाही दावा दिसला की मी आधी खाल्लेल्याचा तक्ता शोधते. तो नसेल तर पुढे वाचत नाही.

पुढच्या काही आठवड्यांत मर थांबली, टक्केवारी हळूहळू वर आली. दोन्ही ओळींत मला तरी फरक दिसला नाही. दोन ओळींवरून पेप्टाइडवर निकाल देण्याइतकी मी धीट नाही, आणि ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठीच्या कोंबडीचं, गणित निराळं आहे. तिथे बलक नाही, पोटातली चरबी म्हणजे कापताना फेकलेला दाणा. तिथे यकृताला आवरणारं काही निघालं तर मला हवंच आहे. तसं त्या मुलाला सांगितलंही. त्याने ब्रॉयलरवाल्या एका गिऱ्हाइकाचं नाव घेतलं आणि विचारलं, ट्रायल लावून द्याल का?

"लावते. पण दाणा तोलायचा काटा तू आणायचा," मी म्हटलं. तात्या मध्येच म्हणाले, "आन् पाकिटं फुकट!"