लिनियर गेमची दुसरी फेरी : आतापर्यंतच्या नोंदी

स्थिती : 'पोर्टल' पूर्ण. 'हाफ-लाइफ २'ची १४ पैकी ६ प्रकरणं झाली. 'टायटनफॉल २'चं एकच मिशन, पण तेच पुन्हा पुन्हा.

या फेरीत कथेसाठी खेळायचं नाही, ती माहीतच आहे. पुढच्या खोलीत शिरताना खेळाडूला काय काय येतं हे लिनियर, म्हणजे एकाच ठरलेल्या वाटेने नेणाऱ्या, गेमला ठाऊक असतं. त्याचा फायदा डिझायनर कसा उचलतात, ते बघायचं. ओपन वर्ल्डमध्ये, म्हणजे हवं तिकडे फिरू देणाऱ्या गेममध्ये, एखादी गुहा पाचव्या तासाला सापडेल की पन्नासाव्या, याचा नेम नाही. मग बहुतेक गुहा कुणालाही, कधीही सुटेल अशा बेताच्या ठेवाव्या लागतात.

पोर्टल (२००७) : चेंबर (कोड्यांच्या खोल्या) ०० ते १९. पोर्टल, म्हणजे एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायची दारं, उघडणारी बंदूक ०२ मध्ये मिळते, पण ती फक्त निळं पोर्टल उघडते. नारिंगी कुठे असेल ते खोलीच ठरवते. दुसरं पोर्टल हाती येतं थेट ११ मध्ये. तोवर १० मध्ये उंचावरून पडून वेगाने फेकलं जाणं शिकवून झालेलं असतं. निम्मे चेंबर संपेपर्यंत अर्धी बंदूक रोखून धरायची, हे धाडस रस्ता एकच असला तरच परवडतं. खालच्या पोर्टलमध्ये पडताना चालण्याच्या की सोडून द्या, गेम स्वतःच मध्याकडे ओढतो. धडपड केली की कडेला आपटणार. आता १३ ते १८ची अवघड रूपं बाकी आहेत.

हाफ-लाइफ २ (२००४), रेवेनहोम (झॉम्बींच्या गावाचं प्रकरण) : वस्तू ओढून घेणारी आणि फेकणारी ग्रॅव्हिटी गन आधीच्याच प्रकरणात मिळते, तीही डॉग नावाच्या रोबोशी चेंडू खेळत, शत्रू नसताना. रेवेनहोममध्ये शिरलं की करवतीचं पातं रुतलेलं, जवळ दोन तुकडे झालेला झॉम्बी. पातं ओढून घ्यावं तोच दुसरा झॉम्बी समोर. सूचनेचा एक शब्द नाही! 'झॉम्बी चॉपर' अचिव्हमेंटसाठी (गेम देतो तो बिल्ला) हे सगळं प्रकरण फक्त ग्रॅव्हिटी गनने काढायचं असतं. क्रोबारचा (लोखंडी पहारीचा) फटकाही चालत नाही. तिथला पाद्री ग्रिगोरी शॉटगन देतो तिथे घात होतो, म्हणून हातात काय आहे ते बघून मगच बटण दाबा. पातं भिंतीत रुतलं तर परत ओढता येतं, त्यामुळे दोन पाती पुरतात.

नोव्हेंबर २०२४च्या अपडेटपासून यातही डेव्हलपर कॉमेंट्री (खेळता खेळता ऐकायचं निर्मात्यांचं निवेदन) आहे. तिची फेरी वेगळी ठेवा. लढाई चालू असताना ऐकण्यात अर्थ नाही.

टायटनफॉल २ (२०१६), 'इफेक्ट अँड कॉज' : मनगटावरच्या यंत्राने क्षणात भूतकाळ, क्षणात वर्तमान. प्रत्यक्षात लेव्हलच्या दोन प्रती एकावर एक रचल्या आहेत आणि खेळाडूला वर-खाली उचलून ठेवलं जातं. हे यंत्र या एका मिशनपुरतंच. अख्ख्या ओपन वर्ल्डची प्रत कोण रचत बसणार?

अडचणी : सोबतच्या पात्राला मागे टाकून पळालं की कधी कधी स्क्रिप्ट (आधीच ठरवलेला घटनाक्रम) अडकते, दार उघडत नाही. आधी मागे त्या पात्रापर्यंत जा. नाहीच जमलं तर चेकपॉइंट (गेमने आपोआप जपलेला टप्पा) लोड करा. क्विकसेव्ह (एका बटणाने होणारं सेव्ह) जुन्यावर चढतं, म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक हाताने केलेलं सेव्ह हवंच. आणि लोडिंग लपवायला अरुंद फटीतून सरपटवणारे गेम दुसऱ्या फेरीत फार छळतात, हेही खरं.

पुढे : 'हाफ-लाइफ २'चं पुढचं प्रकरण, हायवे १७. गाडी, समुद्रकिनारा, मोकळं आकाश, पण रस्ता एकच. वाटेतल्या घरांपाशी थांबायचं की नाही, एवढंच आपल्या हाती.