मागे 22, पुढे 19

"चाळिशी उलटल्यावर मागे शॉक नसलेली सायकल कोण घेतं?" हा नवऱ्याचा प्रश्न. माझं उत्तर तयार होतं: फ्रेम स्टीलची आहे, स्टील लवतं, हाडं खिळखिळी होत नाहीत. इथून तिथून वाचून हे सगळं पाठ केलं होतं. पहिल्याच रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून खाणीच्या बाजूने उतरताना दातावर दात आपटले आणि पाठांतर तिथंच सांडलं.

फ्रेम देखणी आहे, त्यात वाद नाही. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमवालं 4130 पोलाद, आणि नळ्या बटेड. वेल्डिंगचा ताप आणि चालवतानाचा ताण जिथं येतो त्या टोकांना नळी जाड, मधे पातळ. (ही युक्ती जुनी आहे, सायकलच्या नळ्या बनवणाऱ्या रेनॉल्ड्सचं पेटंट 1897 सालचं.) बाहेरून काही दिसत नाही. पण माठ घेताना मारतो तशी नखाने टिचकी मारत वरच्या नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं, की मधे आवाज बदलतो. सायकल आली त्या रात्री मी हेच करत बसले होते. नुसती फ्रेम सामानाच्या काट्यावर 2.6 किलो भरली.

मग दात का आपटले? दुकानातल्या मुलाने अंगठ्याने टायर दाबून "ताई, एकदम टाईट" असं कौतुकाने सांगितलं होतं. घरी हवेचा दाब मोजणारा गेज लावला तर 40 पीएसआय (दाबाचं माप)! 29 इंची चाक, 2.4 इंच रुंद ट्यूबलेस टायर आणि माझं वजन 61 किलो. इतक्या हवेत तो टायर म्हणजे दगडच. फ्रेमचा मागचा त्रिकोण उभ्या दिशेने लवून लवून किती लवणार? मिलिमीटरसुद्धा नाही. टायर मात्र सहज सेंटीमीटरभर दबतो. म्हणजे ज्या मऊपणाचं श्रेय मी स्टीलला देऊन बसले होते, तो मिळणार होता हवेतून.

मग एकच दोनशे मीटरचा उतार धरला, मुरमाचा, मधे बसाल्टच्या काटकोनी पायऱ्या असलेला. दर फेरीला दोन-दोन पीएसआय कमी करत गेले. तिशीच्या खाली आल्यावर मागचं चाक मुरमावर सरकायचं थांबलं. 22 ला सायकल जमिनीला चिकटून चालायला लागली. तिथं थांबायला हवं होतं. हावरटपणा करून 17 ला आले आणि तिसऱ्या पायरीवर ठण्ण! रिमला नखाएवढा पोचा पडला, तो अजून आहे. हार्डटेलमध्ये, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेल्या सायकलमध्ये, मागचा मार वाटून घ्यायला कोणी नसतं, म्हणून मागे 22 आणि पुढे 19. सकाळी निघताना रोज गेज लावते. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांचा भरवसा नाही, म्हणजे माणूस भला आहे, पण त्यांच्या नळीचं तोंड या बारीक व्हॉल्व्हला बसत नाही, आणि पितळी टोपी लावून भरलं की ते मोटरसायकलच्या हाताने भरतात. बाभळीच्या काट्यांना मात्र टायरच्या आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, पुरून उरतं. फक्त एप्रिल-मेमध्ये ते लवकर सुकतं, अधूनमधून चाक हलवून खळखळतंय का ते ऐकायचं.

फोर्कमध्येही, म्हणजे पुढच्या शॉकमध्ये, मी तीच चूक केली. त्याचा दबण्याचा प्रवास 130 मिलिमीटर. फुल सस्पेन्शनवाल्यांचं, म्हणजे मागेपुढे दोन्हीकडे शॉक असलेल्यांचं, ऐकून तो मी सायकलवर बसल्यावर 30 टक्के खाली जाईल असा ठेवला. त्यांची सायकल दोन्हीकडून बसते, आपली फक्त पुढून. त्यामुळे आपली आधीच एक-दोन अंशांनी पुढे कलंडलेली असते, आणि उतारावर ब्रेक दाबला की नाक खुपसते. आता 18 ते 20 टक्के, म्हणजे पॅडलवर उभं राहिल्यावर दांड्यावरचं रबरी कडं साधारण 25 मिलिमीटर सरकतं. बाकी स्टेम, हँडलबार वगैरे जे आलं तेच आहे.

पावसाळ्याआधी आतून गंज धरू नये म्हणून नळ्यांत उकळलेलं जवसाचं तेल फिरवलं. ते हवेवर सुकून आत थर धरतं. रंगाच्या दुकानात अळशीचं तेल म्हणून मिळतं. सासूबाई बाटली उचलून म्हणाल्या, "अगं, जवसाचं? चटणीला आणलंस का?" खायचं नाही हे ऐकल्यावर त्यांनी ती माझ्याकडे जरा संशयाने परत दिली. या तेलाचे बोळे चुरगाळून डब्यात टाकायचे नाहीत, आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवले. फ्रेम उलटसुलट करत दोन दिवस बाल्कनीत ठेवली होती. बॉटम ब्रॅकेटमधून, म्हणजे पॅडलचा आस बसतो त्या खालच्या नळीतून, ठिपकलेल्या तेलाचा डाग फरशीवरून काही केल्या निघालेला नाही. सासूबाईंनी त्यावर पायपुसणं टाकलंय.