काजळी

"जन्मभर भिंतीवरची काजळी पुसली म्या, अन् तू कोळसाच थापून रायला?"

आजी दारात उभी. माझे हात कोपरापर्यंत काळे.

५ घमेली पांढरी माती, १ घमेलं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, कोळशाची चाळलेली पूड, मूठ-दोन मूठ भुसकट. लिंपण वाळलं तसं म्हशीच्या पाठीसारखं करडं दिसायला लागलं. आजीनं ओला पंजा भिंतीवर ठेवला. ठसा बघता बघता विरला.

"पाणी पेते न ही!"

पितेच. कोळसा आतून सगळा छिद्रांचा. दमट हवेत ओल धरतो, कोरड्यात सोडतो. बाहेरच्या पावसाच्या माऱ्यात मात्र टिकणार नाही, म्हणून फक्त आतली खोली.

दरवर्षी हीच पऱ्हाटी आम्ही बांधावर पेटवून देतो. झाकलेल्या ड्रमात, कमी हवेत भाजली की तिच्यातला बराच कार्बन कोळशात अडकतो. १ किलो कार्बन भिंतीत राहिला, तर साडेतीन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा थांबतो. हे आजीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "वरून चुना मारशीन ना?"

मारणार नव्हतो. संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे. तुम्ही राहाल अशा काळपट खोलीत?