तुम्ही विचारलंत म्हणून: पाय क्रॉस करू नका सांगणारी मी आता स्वतः तशी का चालते

तीन वर्षं झाली, आमच्या चालता-पळता पिस्तूल मारायच्या नेमबाजीच्या मॅचला कुणीही भेटलं की हेच. "ताई, आडवं सरकताना पाय क्रॉस करायचे नाहीत हे तूच शिकवलंस ना, मग आता स्टेजवर तुझ्याच पायांची कात्री का होते?" (स्टेज म्हणजे टार्गेटची एक मांडणी, ती एका दमात मारायची.) आणि ते झालं की दुसरा प्रश्न, थांबूनच मारलं तर काय बिघडतं. एकदाच सगळं लिहून टाकते.

दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे. ४ टार्गेट, प्रत्येकी २ गोळ्या, मधल्या ए भागात लागलेल्या गोळीचे ५, म्हणजे ४० पॉइंट. दोन जागी थांबून सगळे ए मारलेत आणि ६ सेकंद लागले तर हिट फॅक्टर, म्हणजे पॉइंट भागिले सेकंद, ६.६७. चालत मारून ५ सेकंदांत संपवलंत आणि दोन ए चे सी, म्हणजे बाहेरच्या भागातले, झाले तर मायनरमध्ये (कमी ताकदीच्या गोळ्यांचं गुणांकन, सी ला ३) ४ पॉइंट जातात, तरी ३६ भागिले ५ म्हणजे ७.२. पण त्याच ५ सेकंदांत बाकी सगळे ए लागून एक मिस झाली की त्या ए चे ५ गेले, वर १० दंड, उरले २५, हिट फॅक्टर ५. म्हणजे चालायचं, पण मिस न होता चालायचं. कोल्हापूरचे नातेवाईक मला रायफलवाल्या स्वप्नील कुसाळेचं उदाहरण देतात, तो किती स्थिर असतो बघ म्हणून. अहो त्याचा खेळ वेगळा, तीन पोझिशन, गुडघ्यावर, पालथं, उभं, आणि प्रत्येकीत शरीर दगडासारखं ठेवायचं. आमच्याकडे घड्याळ चालू असतं.

आता पाय. मी शाळेत कबड्डी खेळले, उजवा कोपरा. तिथे सरांनी पहिली गोष्ट घोटून घेतली ती ही की साखळीत सरकताना पायात पाय जाऊ द्यायचा नाही, चढाई करणारी तेवढ्याचीच वाट बघत असते. ते अंगात इतकं मुरलेलं की टेक्सासला येऊन पिस्तूल हातात घेतल्यावरही मी तशीच सरकायला लागले, आणि नव्या मुलांना तसंच शिकवलं. ठामपणे शिकवलं. खोटं बोलत नव्हते मी, मला खरंच तसं वाटायचं.

पण कबड्डीत हात स्थिर ठेवायचे नसतात हो! सरकताना पाय फाकतात, जवळ येतात, परत फाकतात, दर वेळी शरीर थोडं वर जातं आणि खाली येतं, थांबतं आणि परत सुटतं. पुढची साइट, नळीच्या टोकावरची नेमाची खूण, त्याच्याबरोबर उड्या मारते. मी ते चापाच्या टायमिंगने झाकायचे, पाय टेकला की गोळी, पाय टेकला की गोळी, आणि जमतंय असं वाटायचं.

मग ती ऑक्टोबरची मॅच. बाबा कोल्हापूरहून आले होते, पहिल्यांदाच बघायला. पहाटे चारला उठून अडीच तास गाडी चालवली, बाबा सगळा वेळ जागे. तिसरी स्टेज, खडीची बे (बांध घातलेली मारायची जागा), उजव्या टोकापासून डावीकडे सरकत जायचं, वाटेत तीन कागदी टार्गेट, मग रीलोड, म्हणजे मॅगझिन बदलायचं, मग डाव्या टोकाला भिंतीच्या फटीतून दोन. रीलोड कुठे ते ठरलेलंच होतं. उजव्या हाताने मारणाऱ्यांनी उजवीकडून डावीकडे जाताना रीलोड करायचा म्हणजे सापळा असतो, कोपर पोटाशी आलं की नळी आपोआप डावीकडे वळते आणि तुम्ही जाताय पण डावीकडेच. हे मला माहीत होतं. वॉकथ्रूत, म्हणजे आधी स्टेज नुसती चालून बघताना, मी दोन जणांना सांगितलंसुद्धा.

बीप झाला. तीन टार्गेट बरे गेले. जुनं मॅगझिन पडलं, नवीन डाव्या हातात, आणि सरकता सरकता मी नकळत मागे जात होते, डावी टाच मागच्या फॉल्ट लाइनच्या, म्हणजे हद्दीच्या, लाकडी पट्टीला लागली. पडले नाही. सावरायला अख्खं शरीर डावीकडे फिरलं आणि उजवा हात शरीराबरोबर गेला. आरओ (रेंज ऑफिसर, आमचा पंच) "स्टॉप!" ओरडला त्याच्या आधीच मला कळलं होतं की नळी १८० च्या, म्हणजे टार्गेटकडे तोंड करून उभं राहिल्यावर दोन्ही बाजूंना आडव्या जाणाऱ्या सुरक्षेच्या रेषेच्या, पलीकडे गेली. बोट चापावर नव्हतं, त्या बाजूला कुणी माणूस नव्हता, हे मी तेव्हापासून शंभर वेळा सांगितलंय आणि ते खरंच आहे. पण नळी गेली होती. अनलोड, शो क्लिअर (रिकामं झालेलं दाखवायचं), होल्स्टर, मी बाद, मॅच संपली. आरओ अतिशय सभ्यपणे बोलला, त्याचं काहीच चुकलं नाही. मी पिस्तूल बॅगेत टाकून बाबांकडे गेले. त्यांना नियम काही माहीत नव्हते, फक्त माझा चेहरा दिसला, आणि त्यांनी एवढंच विचारलं, "कुणाला लागलं नाही ना गं?"

घरी येताना आम्ही काहीच बोललो नाही.

त्यानंतर मी गॅरेजमध्ये जमिनीवर टेप लावून, पिस्तूल रिकामं करून, महिनोन्‌महिने नुसती चालले. माझ्या कात्रीचं उत्तर तिथे मिळालं. तुम्ही मला मागून बघता म्हणून ती कात्री दिसते. मी पायाची बोटं जायच्या दिशेला वळवते, गुडघे वाकवते, टाच आधी, मग तळवा, मग बोटं, लहान पावलं. ते साधं चालणंच आहे, फक्त कमरेच्या वरचा भाग टार्गेटकडे वळलेला. आजी भरलेली कळशी कमरेवर घेऊन यायची तशी चाल, पाणी हिंदकळू न देणारी. पाय एकमेकांना ओलांडतात, अडकत नाहीत, कारण दोन्ही एकाच दिशेला बघत असतात. (नेम थोडा मागे धरायचा का, असंही विचारतात. गोळीला तुमच्या चालण्याचा वेग मिळतो हे खरं, पण ९ मीटरला तिला ०.०३ सेकंद लागतात, तुम्ही सेकंदाला १ मीटर चालत असाल तर फरक ३ सेंटिमीटर. ए झोन साधारण १५ सेंटिमीटर रुंद आहे. त्याची चिंता सोडा, हात मागे रेंगाळतात त्याची करा.)

पण मग हे सगळ्यांना लागू आहे का? डावीकडून उजवीकडे जाताना हो, उजव्या हाताच्या माणसाला डावीकडे पीळ छान बसतो. उलट्या दिशेला माझी कंबर पूर्ण वळतच नाही, डावा हात आडवा ताणला जातो, मग पाय अर्धेच वळवते, आणि अर्धे वळवले की खरोखरची कात्री होते, तुम्ही म्हणता तीच. तिथे जुनं सरकणं बरं का, दोन पावलं पळून थांबणं बरं का, मी ठरवू शकलेले नाही. कधी वाटतं सर बरोबरच होते. आणि मी सरकत नसून चालत असते तर त्या दिवशी टाच लागली नसती असं मी मध्यंतरी सगळ्यांना सांगत होते, तेही मागे घेते, मागे जाणारा माणूस चालतानाही मागे जाऊ शकतो.

मागच्या रविवारी उजवीकडून डावीकडे सहा रन केले. चार चालत, दोन सरकत. सरकतानाच्या दोन्ही रनचे ए जास्त होते, वेळही जास्त. रीलोड मात्र सहाही वेळा मी जागेवर थांबून केला.