बाबांचा टाइमशेअर परत करताना

बाबांनी टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या ठिकाणचं एक घर दरवर्षी आठवडाभर वापरायचा हक्क, घेतला तेव्हा एकरकमी पैसे भरले आणि विषय मिटला, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण देखभाल शुल्काचं बिल दरवर्षी यायचं, दरवर्षी थोडं वाढून यायचं. गुडघे दुखायला लागल्यावर बाबांचं तिकडे जाणं बंद झालं, बिल मात्र येतच राहिलं. शेवटी ती फाइल मी माझ्याकडे घेतली.

आधी बिल नीट वाचलं. डागडुजी, साफसफाई, पगार, विमा, मालमत्ता कर, व्यवस्थापनाचा मोबदला आणि राखीव निधी, सगळं त्यातच. एका घराचे वर्षाला ५२ आठवडे. त्यातला एखाद-दुसरा दुरुस्तीसाठी ठेवून बाकीचे विकतात आणि खर्च सगळ्या मालकांत वाटतात. ऐकायला बरं वाटतं. पण काहींनी पैसे थकवले की तो भार नियमित भरणाऱ्यांवरच येतो. एका वर्षी छपराचं काम निघालं, राखीव निधी पुरला नाही, म्हणून विशेष आकारणी आली. तीही मुकाट्याने भरायची. आठवडा बदलून दुसऱ्या ठिकाणी जायचं म्हटलं, तर आरसीआय किंवा इंटरव्हल इंटरनॅशनलसारख्या संस्थेची वर्गणी वेगळी, प्रत्येक अदलाबदलीचे पैसे वेगळे.

मग करारनामा काढला. काही टाइमशेअरमध्ये ठरावीक वर्षांपुरता वापराचा हक्क असतो, मुदत संपली की सुटका. बाबांचा तसा नव्हता. त्यावर मुदत कुठेच नव्हती, आणि बारीक अक्षरात ‘मालक व त्यांचे वारस’ असं होतं. म्हणजे पुढे मी. बऱ्याच ठिकाणी वारसाला लेखी नकार देता येतो, पण तो वेळेत आणि त्या जागेचा उपभोग घ्यायच्या आधी द्यावा लागतो. त्यापेक्षा बाबा स्वतः सही करू शकतात तोवरच हे निस्तरावं, असं ठरवलं.

विकायचा विचार केला, पण तशाच आठवड्यांच्या जाहिराती पाहिल्यावर उत्साह मावळला. लोक जवळजवळ फुकट देत होते, तरी घेणारा नव्हता. ज्या वस्तूला दरवर्षी पैसे लागतात ती फुकटातही महागच. जाहिरातींवर चौकशी केल्यावर फोन सुरू झाले: ‘गिऱ्हाईक तयार आहे, फक्त प्रक्रिया शुल्क आधी भरा.’ मी म्हटलं, विक्रीच्या रकमेतून कापून घ्या. पलीकडून फोन ठेवला. (माझ्या मते एवढा एकच प्रश्न अशा लोकांना ओळखायला पुरतो.)

उरला मार्ग एकच, कंपनीलाच परत देणं. आपणहून हे कुणी सांगत नाही; लेखी विचारलं तेव्हा उत्तर आलं. फोनवर मात्र त्याच तोंडाने ठरलेल्या आठवड्याऐवजी पॉइंट (मुक्कामासाठी खर्च करायचे गुण) घ्या, म्हणजे कुठेही जाता येईल, असा आग्रह. त्यात वरचे पैसे भरायचे आणि वार्षिक शुल्क चालूच. नको म्हटलं, आणि पुढचं सगळं ईमेलवरच करा म्हणून कळवलं.

अटी अशा: कर्ज नसावं, थकबाकी नसावी, चालू वर्षाचं बिल भरलेलं असावं, नोंदीतल्या सगळ्या मालकांच्या सह्या असाव्यात. थकबाकी नव्हती, घोडं अडलं सह्यांवर. आईचंही नाव होतं आणि आई आता नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बहिणीची संमती. त्यात दाखल्यावरचं आईचं नाव करारातल्या नावाशी एका अक्षराने जुळेना, मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं आणखी एक प्रतिज्ञापत्र. हेच सगळ्यात रेंगाळलं.

घेतानाच मन बदललं तर गोष्ट सोपी असते. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार १४ दिवसांत कारण न देता करार रद्द करता येतो आणि तोवर विक्रेत्याला आगाऊ पैसेही घेता येत नाहीत. इतरत्रही अशी मुदत असू शकते. ती गेली की असे हेलपाटे.

शेवटी मुक्ततेचं पत्र आलं. त्यात दोघांचीही नावं आहेत ना, आणि ‘यापुढे कोणतेही देणे नाही’ हे वाक्य आहे ना, ते तपासलं. मग बँकेतून आपोआप कापली जाणारी रक्कम थांबवली. अदलाबदलीच्या संस्थेचं सदस्यत्व आपोआप संपत नाही, ते वेगळा अर्ज करून रद्द केलं.